औंधच्या राजाची सवय

दिवाळी अंक म्हटला की 'सुखी कसं व्हावं' या विषयावर एक तरी लेख असतोच. लवकर उठा, रोज चालायला जा, मोबाईल लांब ठेवा, झोपण्यापूर्वी चार चांगल्या गोष्टी वहीत लिहा... सल्ले सगळे चांगलेच असतात. आपण ते वाचतो, दुसरा लाडू उचलतो आणि पान उलटतो! म्हणून यंदा सल्ला द्यायचा नाही, असं मी ठरवलं आहे. त्याऐवजी एका सवयीचा इतिहास सांगतो. सवय तुमच्या-आमच्या चांगल्या ओळखीची आहे. बहुतेकांच्या घरात आजोबा-पणजोबांपैकी कोणीतरी ती पाळत असे, आणि आता लंडनच्या प्रत्येक हाय स्ट्रीटवर तिचे पैसे देऊन क्लास लावता येतात. ती म्हणजे सूर्यनमस्कार.

विषय निघाला तो आमच्या मराठी शाळेमुळे. दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये शाळा भरते. मुलांना सोडायला आलेल्या आम्ही काही पालकांनी तास सुरू होण्याआधी एकत्र बारा नमस्कार घालायला सुरुवात केली. दुसऱ्याच आठवड्यात वाद! एक जण म्हणाले, हा पाच हजार वर्षांपूर्वीचा योग आहे. दुसऱ्या ताई म्हणाल्या, छे, हा तर तालमीतला व्यायाम. तेवढ्यात एका दहा वर्षांच्या मुलाने विचारलं, "काका, पाच हजार वर्षं कोणी मोजली?" सगळे हसले, पण प्रश्न बिनतोड होता. माझं शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं आणि पोटापाण्याचा उद्योग म्हणजे जुन्या सिस्टिम्समध्ये कोणता बदल कोणी, कधी आणि का केला ते हुडकून काढणं. तीच खोड इथे कामाला लावली. संध्याकाळी मुलं झोपल्यावर वाचत गेलो आणि साताऱ्याजवळच्या एका छोट्या संस्थानात जाऊन पोचलो.

किती जुने?

आधी त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. सूर्याची उपासना खरोखरच वेदकाळापासूनची आहे. संध्येत अर्घ्य आहे, गायत्री मंत्र सवित्याचा आहे. सूर्याला साष्टांग नमस्कार घालण्याची प्रथाही जुनी. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत, असं परंपरा सांगते. पण हठयोगाचे जे प्रसिद्ध ग्रंथ आहेत, उदाहरणार्थ पंधराव्या शतकाच्या सुमाराची हठप्रदीपिका, त्यांत आसनांची वर्णनं असली तरी सूर्यनमस्कार नाहीत. गंमत म्हणजे हठप्रदीपिकेवर एकोणिसाव्या शतकात ब्रह्मानंदांनी लिहिलेल्या 'ज्योत्स्ना' टीकेत त्यांचा उल्लेख येतो, पण तो कसा? शरीराला फार कष्ट होतील असे प्रकार साधकाने टाळावेत, असं सांगताना पुष्कळ सूर्यनमस्कार घालण्याचं उदाहरण दिलं आहे!

म्हणजे एकोणिसाव्या शतकात लोक भरपूर नमस्कार घालत होते हे नक्की, आणि योगाभ्यासाहून ती वेगळी गोष्ट मानली जात होती हेही नक्की. एका बाजूला पूजेतला साष्टांग नमस्कार, दुसऱ्या बाजूला तालमीतले दंड आणि जोर, असा तो दुहेरी वारसा होता. दोन्ही ताया-दादा आपापल्या परीने बरोबर होते म्हणायचे! मग आज आपण ज्याला सूर्यनमस्कार म्हणतो, ठरलेल्या क्रमाचा, मोजून घालायचा, शाळेत शिकवायचा, त्याची घडी कोणी बसवली? त्या कामात अनेकांचा हात आहे, पण सर्वांत मोठा वाटा एका राजाचा आहे.

हे औंध ते नव्हे

आयटीतल्या मंडळींना औंध म्हटलं की पुण्याचं औंध आठवतं, हिंजवडीला जाताना ट्रॅफिकमध्ये लागणारं. हे औंध ते नव्हे. हे सातारा जिल्ह्यातलं, डोंगरावर यमाई देवीचं देऊळ असलेलं. इथे पंतप्रतिनिधींचं संस्थान होतं. प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला निर्माण झालं, म्हणजे घराणं मानाचं. पण संस्थान मात्र लहानसं. जेमतेम ७२ गावं, तीही एका सलग तुकड्यात नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे.

या गादीवर १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. जन्म १८६८ चा, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. स्वतः चित्रकार, कीर्तनकारही. त्यांनी जमवलेल्या कलावस्तूंचं औंधचं भवानी संग्रहालय आजही पाहायला मिळतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगराच्या कारखान्यासाठी १९१० साली माळरानाची जागा दिली ती याच राजाने. त्या माळाची पुढे किर्लोस्करवाडी झाली. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर औंधला येऊन राहिले तेही यांच्याच आश्रयाने. थोडक्यात, पैसा बेताचा पण उत्साह दांडगा असा हा माणूस.

सँडोचे डंबेल्स

आता कथेत एक जर्मन पहिलवान येतो. युजेन सँडो. आपण ज्याला सँडो बनियन म्हणतो ना, तोच हा सँडो! प्रशियात जन्मलेला, लंडनमध्ये नाव आणि पैसा कमावलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं जगभर विकली जात होती. आजच्या भाषेत तो पहिला ग्लोबल फिटनेस ब्रँड. तरुण भवानरावांनी १८९७ साली सँडोचं पुस्तक आणि सगळी साधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं अगदी नेमाने त्या पद्धतीने व्यायाम केला.

मग १९०८ च्या सुमारास मिरजेच्या पटवर्धन राजांनी त्यांना सुचवलं की नमस्कार घालून पाहा. भवानरावांनी घातले, आणि ते कायमचे त्याचेच झाले. हा बदल मला फार बोलका वाटतो. राजाला साधनं परवडत होती, तरी त्याने साधनं नसलेला व्यायाम उचलला. सँडोच्या व्यायामाला डंबेल्स लागत. नमस्काराला सतरंजीएवढी जागा आणि स्वतःचं शरीर, बस्स. जे राजवाड्यात करता येतं तेच झोपडीतही करता येतं. ज्याच्या राज्यात दुष्काळी गावंच जास्त, त्याला हे महत्त्व नीट कळलं असणार.

पण त्यांनी सँडोकडून एक गोष्ट घेतली असावी असं मला वाटतं, ती म्हणजे शिस्तबद्ध मांडणी. घरोघरी थोड्या थोड्या फरकाने घातला जाणारा नमस्कार त्यांनी दहा स्थितींत बसवला. प्रत्येक स्थितीत पाय कुठे, हात कुठे, श्वास केव्हा घ्यायचा, केव्हा सोडायचा, सगळं ठरवलं. आमच्या धंद्यात याला स्टँडर्डायझेशन म्हणतात. एकदा का गोष्ट स्टँडर्ड झाली की ती शिकवता येते, छापता येते, लांब पाठवता येते. राजेसाहेबांनी हे सगळं केलं. पुस्तकं लिहिली, फोटो काढवले, मूकपटसुद्धा तयार करून घेतला!

हुकूम आणि सवय

संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांना आणि मुलींनाही. स्त्रियांनी व्यायाम करावा हे म्हणणं त्या काळी सर्वांच्या पचनी पडणारं नव्हतं, पण राजेसाहेबांनी सुरुवात घरापासून केली. राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालत.

सक्तीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. नमस्काराच्या गुणांबद्दल लिहिताना राजेसाहेबांनी हात आखडता घेतलेला नाही. कितीतरी रोगांवर ते उपाय सांगतात. आज डॉक्टर त्यातले बरेचसे दावे मान्य करणार नाहीत, आणि करूही नयेत. शिवाय हुकूम सोडून लावलेली सवय कितपत टिकते? शाळेत सक्तीने केलेल्या किती गोष्टी आपण पुढे आयुष्यभर केल्या, हा प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावा!

पण याच राजाने पुढे जे केलं ते पाहिलं की चित्र पुरं होतं. १९३८-३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने औंध संस्थानाने आपली राज्यघटना केली आणि राजाने आपण होऊन सत्ता लोकांच्या हाती, ग्रामपंचायतींच्या हाती सोपवली. यामागे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले इंजिनिअर यांची मोठी धडपड होती. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. शेतीचं रोजचं काम आणि विश्वास यांवर माणूस बदलतो ही कल्पना. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ज्या प्रयोगावरून सुचला तो हाच. त्याची कथा लिहिणाऱ्या गदिमांचं शालेय शिक्षणही औंध संस्थानातच झालं होतं.

म्हणजे बघा, नमस्कार, पंचायत, खुला तुरुंग, या तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. पण मला त्यांत एकच सूत्र दिसतं. माणूस भाषणांनी बदलत नाही, रोजच्या रोज काय करतो त्याने बदलतो.

लंडन, १९३६

आता आपल्या गावाची गोष्ट. १९३६ साली राजेसाहेब इंग्लंडला आले. वय ६८ च्या घरात. 'न्यूज क्रॉनिकल' या त्या वेळच्या मोठ्या दैनिकाची पत्रकार लुईस मॉर्गन हिने त्यांची मुलाखत घेतली. या वयात हा माणूस इतका ताजातवाना कसा, या कुतूहलातून तिने नमस्कारांबद्दल लिहिलं. वाचकांचा प्रतिसाद चांगला मिळाला आणि १९३८ साली तिने संपादित केलेलं राजेसाहेबांचं पुस्तक लंडनच्या जे. एम. डेंट या नामांकित प्रकाशकांनी काढलं. नाव होतं, 'द टेन-पॉइंट वे टु हेल्थ'. त्या दहा स्थिती म्हणजेच टेन पॉइंट्स!

इंग्लंडमध्ये त्या वेळी हवाही अनुकूल होती. मंदीचा फटका बसलेला, युद्धाचे ढग जमू लागलेले, आणि देशाची तब्येत सुधारायची चर्चा सगळीकडे. मॉली बॅगट स्टॅक या बाईंनी १९३० साली 'विमेन्स लीग ऑफ हेल्थ अँड ब्यूटी' काढली होती. त्यांनी पूर्वी भारतात राहून काही आसनं शिकून घेतली होती. १९३७ मध्ये तर शारीरिक शिक्षणाचा कायदाच पार्लमेंटने केला. अशा वेळी पैसा न लागणारा, घरच्या घरी दहा-पंधरा मिनिटांत करता येणारा व्यायाम लोकांना हवाच होता. साताऱ्याच्या माळावरचा नमस्कार लंडनच्या दिवाणखान्यात शिरला तो असा. आज सगळीकडे 'सन सॅल्युटेशन' चालतं, त्याच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं आधी!

म्हैसूरमार्गे परत

पण आज इथल्या स्टुडिओत जे शिकवतात ते थेट औंधहून आलेलं नाही. त्याचा रस्ता म्हैसूरवरून जातो. तिथल्या राजवाड्यात १९३० च्या दशकात कृष्णमाचार्यांची योगशाळा होती आणि सूर्यनमस्कारांचा वर्ग वेगळा भरत असे. म्हणजे तेव्हाही दोन्ही वेगळेच मानले जात. मार्क सिंगलटन या अभ्यासकाने 'योगा बॉडी' (२०१०) या पुस्तकात दाखवलं आहे की याच काळात या दोन्हींची सरमिसळ होत गेली. कृष्णमाचार्यांचे शिष्य पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग पद्धतीत प्रत्येक सत्राची सुरुवातच सूर्यनमस्कारांनी होते. त्यांच्या 'अ' प्रकारात ९ टप्पे, 'ब' मध्ये १७. जोइस १९७५ मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली. कृष्णमाचार्यांचेच दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला येऊन स्थायिक झाले. त्यांची योगपद्धती १९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या सरकारी प्रौढवर्गांत शिकवली जाऊ लागली.

आणि एक योगायोग. राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे मोठे राजनैतिक अधिकारी झाले. १९६९ ते १९७२ या काळात ते लंडनमध्येच भारताचे उच्चायुक्त होते. त्यांनीही १९७० साली सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, राजेसाहेब १९५१ मध्ये गेले. राज्य गेलं, हुकूम गेला, सक्ती गेली. पण मुलाने बापाची सवय उचलली होती.

मग यातून काय घ्यायचं?

हा इतिहास वाचून काही जण हिरमुसतील. पाच हजार वर्षांचे जेमतेम शंभर-दीडशे झाले की! मला मात्र उलट वाटतं. परंपरा म्हणजे आकाशातून पडलेली गोष्ट नव्हे. कोणीतरी कधीतरी ठरवून लावलेली, दुसऱ्यांना आवडलेली आणि म्हणून टिकलेली सवय म्हणजे परंपरा. मिरजेच्या राजाने सुचवलं, औंधच्या राजाने चाळिशीत सुरू केलं. चाळिशीत, बरं का! म्हणजे परदेशात, फ्लॅटमध्ये, चाळिशीकडे झुकताना आपण एखादी चांगली सवय सुरू केली, तर तीही पुढे कोणाची तरी परंपरा होऊ शकते. मुलांना 'ही फार प्राचीन आहे म्हणून कर' असं सांगण्यापेक्षा 'ही कशी घडली ते ऐक आणि करून बघ' असं सांगणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

मराठीत सवयीला फार सुंदर शब्दप्रयोग आहे, 'अंगवळणी पडणे'. सवय डोक्यात नाही, अंगात मुरते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २००९ मध्ये ९६ जणांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. साधी नवी सवय आपोआप घडू लागायला किती दिवस लागतात? मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण माणसामाणसांत फरक प्रचंड, १८ पासून थेट २५४ पर्यंत. आणि सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं.

हे सगळं मी हौसेखातर लिहीत नाही. इथला हिवाळा आपल्यातल्या बऱ्याच जणांना जड जातो. डिसेंबरात लंडनला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी या हिवाळी उदासीचं रीतसर वैद्यकीय वर्णन केलं. घरून काम करणाऱ्यांना तर दिवसभर माणूस दिसत नाही. आपल्याकडे कोणी "कसं चाललंय?" विचारलं की "मजेत!" म्हणायची पद्धत आहे. मी स्वतः दोन हिवाळे असाच 'मजेत' होतो. त्या काळात सकाळच्या बारा नमस्कारांनी मला काय दिलं? चमत्कार नाही. पण लॅपटॉप उघडण्याआधी दहा मिनिटं शरीर जागं झालं, श्वास मोकळा झाला, आणि दिवसातली एक गोष्ट तरी आपल्या मनासारखी झाली एवढं समाधान रोज मिळालं. रविवारी चार माणसांबरोबर घातले की त्याहून जास्त मिळालं. ज्यांची उदासी खोल आहे त्यांनी एवढ्यावर न थांबता जीपीकडे जावं, त्यात कमीपणा काही नाही. पाठ, गुडघे किंवा ब्लड प्रेशरचा त्रास असणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावं. ब्रह्मानंदांचा इशारा लक्षात आहे ना? अति नको!

दिवाळीत सुरुवात केली तर ६६ दिवसांत वर्षातला सगळ्यात काळोखाचा काळ ओलांडला जातो आणि रथसप्तमी येईपर्यंत नमस्कार अंगवळणी पडलेले असतात. सूर्य दिसला नाही तरी पूर्वेकडच्या खिडकीकडे तोंड करावं. तो ढगांमागे असतोच. त्याच्या बारा नावांतलं पहिलं नाव मोठं छान आहे, 'मित्र'. तेव्हा जमलं तर एकट्याने सुरू करू नका, शेजारच्या एखाद्या मित्राला हाक मारा.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!